काचेचा पडदा आणि ठिपक्यांचे खेळ

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास सांगायला बसलेला माणूस सहसा सिंदखेडराजापासून सुरुवात करतो. जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा, मग लोणारचे सरोवर आणि त्याच्या काठची देवळे, मग वऱ्हाडातला इंग्रजी अंमल, आणि जाता जाता खामगावची चांदी. हा क्रम ठरून गेलेला आहे आणि त्यात चूक काही नाही. परंतु इतिहास नेहमी दगडात आणि ताम्रपटातच राहतो असे नाही. कधी तो घरच्या माळ्यावर, फाटक्या गोणपाटाखाली, भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा जुना, फुगीर काचेचा, दोघांनी उचलावा लागणारा टेलिव्हिजन पडून असेल, आणि त्याच्या शेजारी खोक्यात मुलांचे खेळाचे यंत्र व दोन-चार पिवळ्या कॅसेटा असतील, तर त्या भंगारवाल्याला देण्यापूर्वी हा लेख वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये या अडगळीचा आज एक मोठा छंद झालेला आहे. तेथील माणसे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची खेळयंत्रे शोधून काढतात, ती ज्या पडद्यासाठी बनली होती तो काचेचा पडदा मिळवण्यासाठी गावोगाव हिंडतात, बिघडलेले संच उघडून दुरुस्त करतात. त्यांच्या बायका-मुले त्याच खेळातली चित्रे प्लॅस्टिकच्या मण्यांनी भरून भिंतीवर लावतात. याला ते ‘रेट्रो गेमिंग’ म्हणतात. मराठीत त्याला अद्याप नाव पडलेले नाही, आणि त्यावाचून आपले काही अडलेलेही नाही. आपल्या जिल्ह्यात हा छंद म्हणून नांदत नसला, तरी ज्या कौशल्यावर तो उभा आहे ते कौशल्य येथे धंदा म्हणून चांगले तीस वर्षे नांदले. मला सांगायचे आहे ते त्याचेच.

प्रथम टेलिव्हिजन आपल्याकडे आला कसा ते पाहू. दिल्लीत त्याचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. महाराष्ट्रात मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. योगायोग असा की त्याच १९७२ साली अमेरिकेत ‘ओडिसी’ नावाचे यंत्र बाजारात आले. घरच्या टेलिव्हिजनला जोडून खेळायचे हे पहिले यंत्र. राल्फ बेअर नावाच्या अभियंत्याच्या डोक्यात १९६६ साली आले की, घरोघर हा डबा आहे आणि माणसे त्याच्यासमोर नुसती बसून राहतात. मग त्याच्याशी काही करता का येऊ नये? त्या यंत्राला रंग नव्हता, आवाजही नव्हता. पडद्यावर फक्त पांढरे चौकोन हलत. मैदान, जाळी, डोंगर वगैरे जे काही हवे ते रंगीत पारदर्शक कागदावर छापलेले असे आणि तो कागद पडद्याच्या काचेवर चिकटवायचा! म्हणजे मुंबईकर ज्या वर्षी टेलिव्हिजन बघायला शिकत होते, त्याच वर्षी तिकडे लोक तो खेळायला शिकत होते.

मुंबईच्या त्या लहरी बुलढाण्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता. टेलिव्हिजनची लहर साधारण नजरेच्या टप्प्याइतकी जाते आणि मध्ये सुमारे चारशे किलोमीटर व डोंगरांच्या रांगा. आपल्याकडे टेलिव्हिजन आला तो आकाशातून. १९८३ साली इन्सॅट-१ बी हा उपग्रह सोडला गेला आणि पुढच्या वर्षी, १९८४ साली, काही महिने जवळजवळ दिवसाला एक या वेगाने देशभर लहान प्रक्षेपक उभे राहिले. या लहान प्रक्षेपकांचा आवाका दहा-पंधरा मैलांपलीकडे फारसा नसे. आता आपल्या जिल्ह्याची घडण तुम्हांला ठाऊक आहेच. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख ‘घाटाखाली’, आणि बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा अजिंठ्याच्या पठाराचा मुलूख ‘घाटावर’. जुन्या वऱ्हाडात पायनघाट आणि बालाघाट म्हणत ते हेच. महसूल, पीक, सोयरीक यांत हा भेद पूर्वापार होता. टेलिव्हिजनने त्यात अँटेनाची उंची आणखी एक भर घातली. उंचावर असलेल्या घराला हातभर नळीवर चित्र दिसे, तर दरीतल्या गावाला बांबूला बांबू जोडावा लागे. एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्याने दारातून ‘आलं, आलं... गेलं’ असे ओरडायचे, आणि पडद्यावर चित्राऐवजी मुंग्या! १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा एकेका घरासमोर अर्धी गल्ली कशी जमे, हे चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला सांगायला नको.

संचही दूरचे नव्हते. वेस्टन, ईसी, क्राऊन, टेक्सला, डायनोरा ही नावे त्या काळच्या घराघरांत बायकामुलांच्या तोंडी होती. पण आपल्या शेजारचे नाव म्हणजे व्हिडिओकॉन. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८० च्या दशकात या कारखान्याने पाय रोवले आणि मराठवाडा-वऱ्हाडच्या बाजारपेठा त्याच्या संचांनी भरल्या. २०१८ साली हीच कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. पस्तीस वर्षांत एका धंद्याचा उदय आणि अस्त! यादवांच्या राज्याला याहून बराच जास्त वेळ लागला होता.

आता या डब्याच्या आत काय चालते ते थोडक्यात समजून घ्या, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. काचेची ती मोठी नळी म्हणजे आतून हवा काढून टाकलेली एक सुरई. तिच्या मानेत एक तापलेली तार. तिच्यातून इलेक्ट्रॉनांची धार निघते आणि पुढच्या काचेला आतून लावलेल्या चकाकणाऱ्या लेपावर आदळते. जेथे आदळते तेथे उजेड पडतो. ही धार एका वेळी एकाच बिंदूवर असते. शेतकरी जसा तास संपला की वळून पुन्हा दुसरे तास धरतो, तशी ती डावीकडून उजवीकडे ओळ मारते आणि परत मागे येऊन खालची ओळ धरते. फरक एवढाच की ती येताना नांगर उचलून येते. आपल्या पद्धतीत एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. ही संख्या नुसती कागदावरची नव्हे, ती ऐकू येत असे! जुना संच सुरू केला की एक अतिबारीक शीळ निघे. लहान मुलांना ती ऐकू येई आणि आजोबांना येत नसे. म्हणून शेजारच्या खोलीत टेलिव्हिजन लागला आहे हे पोरांना भिंतीपलीकडूनही कळे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नवल वाटे.

आता खेळांकडे वळू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे ते त्या नावाने आणि त्या रूपाने क्वचितच कोणी पाहिले असेल. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. तैवान व चीनकडे बनलेल्या मंडलांवर ‘सामुराय’, ‘लिटल मास्टर’ अशी नावे लावून त्या १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. कॅसेटवर ‘९९९९ खेळ एकात’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात वीस-पंचवीसच खेळ फिरून फिरून येत, आणि तरी पोरे शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन खात्री करून घेत. कॅसेट चालेना की ती काढून तिच्यात फुंकर मारायची, ही विद्या कोणी शिकवली न शिकवली, पण मलकापूरच्या पोट्ट्याला येत होती तशीच न्यूयॉर्कच्या मुलालाही येत होती. फुंकरीपेक्षा कॅसेट काढून पुन्हा नीट बसवण्याचाच गुण अधिक होता, आणि तोंडाच्या ओलाव्याने उलट तिचे तांब्याचे पाय गंजत. पण भक्तीपुढे युक्तिवाद कोठे चालतो?

या यंत्राची गरिबी पाहण्यासारखी आहे. त्याची काम करण्याची स्मृती दोन किलोबाइट, म्हणजे २,०४८ अक्षरांची. तुम्ही वाचता आहात तो हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही. पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. चित्रे रचायची ती आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा लहान फरश्या जोडून, आणि हलत्या आकृतीच्या प्रत्येक फरशीला रंग फक्त तीन. जपानी कलावंतांनी या अडचणीतून जे काढले ते खरोखर वाखाणण्यासारखे आहे. मारिओ नावाचा तो मिशीवाला तुम्ही पाहिला असेल. शिगेरू मियामोतो यांनी तो १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी रेखाटला. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड दाखवता येईना म्हणून मिशी. केस हलताना दाखवता येईनात म्हणून टोपी. हात अंगावेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांचा पोषाख. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे. पांढरी केली की ढग, हिरवी केली की झुडूप. तो सबंध खेळ चाळीस किलोबाइटांत बसवलेला आहे. आज फोनवरून पाठवलेला एक साधा फोटो त्याच्या पन्नास-शंभर पट जागा खातो.

येथे माझ्या घरातल्या भगिनीवर्गाला हसू येते, आणि ते योग्यच आहे. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांचे चौकोन मोजून, एका चौकोनाला एक फुलीचा टाका, असे भरतकाम आपल्या आया-आज्यांनी दुसुतीवर वर्षानुवर्षे केले. मोर, राघू, तुळशीवृंदावन, ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे. सगळे चौकोन मोजून. रुखवतात ठेवायच्या मण्यांच्या तोरणाचीही तीच रीत. ठिपक्यांच्या रांगोळीचे उदाहरण काही जण देतात, पण ते तितकेसे लागू पडत नाही. रांगोळीत ठिपका हा रेघेला धरून ठेवणारा खुंटा असतो, चित्राचा घटक नसतो. दुसुतीत मात्र टाका हाच ठिपका. जपानी चित्रकारही आधी चौकटीच्या कागदावर चौकोन रंगवून मगच आकडे यंत्रात घालीत. म्हणजे काम एकच, फक्त सुईच्या जागी वीज आली.

मण्यांचा छंद हा याच गोष्टीचा परतीचा प्रवास आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या काळात लहान मुलांसाठी प्लॅस्टिकच्या नळकांड्यांसारखे मणी निघाले. खुंट्यांच्या पाटावर ते एकेक बसवायचे, वर बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवायची, की मणी एकमेकांना चिकटून अखंड चित्र तयार होते. पुढे खेळांच्या शौकिनांच्या लक्षात आले की, या पाटावर २९ गुणिले २९ खुंट्या आहेत आणि लहानगा मारिओ १६ गुणिले १६ च्या चौकटीत बसतो. पाच मिलिमीटरचा मणी धरला तर आठ सेंटिमीटरचा पुतळा. एका ठिपक्याला एक मणी, कमी नाही की जास्त नाही! जुन्या खेळाची चित्रे मण्यांत उतरतात आणि आजच्या खेळाची उतरत नाहीत, याचे कारण एवढेच. ज्या घरात दुसुतीचे नमुन्यांचे पुस्तक अजून आहे, त्या घराला हा छंद परका वाटण्याचे कारण नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे खेळ आता फोनवर फुकट चालतात; मग तो जड डबा जपायचा कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरे आहेत.

एक तर, ही चित्रे त्या काचेसाठी काढलेली होती. काचेच्या पडद्यावर ठिपका चौकोनी दिसत नाही. त्याच्या कडा विरघळतात, दोन ओळींमध्ये एक बारीक काळी रेघ राहते आणि शेजारचे रंग एकमेकांत मुरतात. चित्रकाराने ते गृहीत धरूनच रंग ठेवले होते. आजच्या सपाट पडद्यावर तेच चित्र विटांच्या भिंतीसारखे दिसते. पण हे झाले आवडीनिवडीचे. दुसरे उत्तर निर्विवाद आहे, ते म्हणजे बदकांच्या खेळातली बंदूक. ‘डक हंट’ हा खेळ १९८४ चा. बंदुकीतून काही सुटते असे आपल्याला वाटे, पण ती उलट पाहत असे. तिच्या नळीत एक उजेड ओळखणारा डोळा होता. चाप ओढला की क्षणभर सारा पडदा काळा होई आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे. डोळ्याला आधी काळे व मग पांढरे दिसले, तर नेम लागला. हे सगळे सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्यांत चालायचे आणि काचेच्या पडद्यावर धार येताच उजेड पडतो म्हणूनच ते जमायचे. मूळ बंदुकीचा डोळा तर त्या ओळींचीच सेकंदाला पंधरा हजारांची थरथर ओळखणारा होता. सपाट पडदा चित्र आधी स्वतःशी जुळवतो आणि मग दाखवतो. तोवर वेळ टळून जाते. तेथे ही बंदूक मुकी. पडदा गेला की खेळ गेला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण नवी नाही. मोडीचे कागद दप्तरखान्यांत पोत्यांनी आहेत, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी गेली आणि आज ते वाचणारा शोधावा लागतो. सावंतवाडीच्या गंजिफेचेही तसेच. दशावतारी गंजिफेची एकशेवीस गोल पाने, लाखेच्या रंगांची. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या सत्वशीलादेवी भोसले यांनी ती कला मरणाच्या दारातून परत आणली. पाने आज घरोघर भिंतीवर शोभतात, पण डाव मांडून बसणारी चार माणसे जमवून दाखवा! वस्तू जपणे आणि वस्तूचा व्यवहार जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले पैशाने होते. दुसऱ्याला माहीतगार माणूस लागतो.

टेलिव्हिजनच्या बाबतीत तो माणूस म्हणजे बाजारपेठेतला दुरुस्तीवाला. दहा बाय आठची खोली, दारात मागून उघडलेले तीन-चार संच, फळीवर नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेले डबे, आणि सोल्डरचा तो राळेचा वास. हा माणूस बहुधा रेडिओपासून सुरुवात केलेला. काही जण आय.टी.आय. मध्ये शिकले, पुष्कळसे उस्तादाच्या हाताखाली. पडद्यावर नुसती एक आडवी पांढरी रेघ उरली की तो मागचे झाकण काढण्याआधीच सांगे, ‘व्हर्टिकल गेलं.’ धार डावी-उजवी जाते आहे, पण वर-खाली नेणारा भाग बंद पडला, असा त्याचा अर्थ. संचाला थोबाडीत मारली की चित्र येते ही घरोघरची विद्या. तिचेही कारण त्याला ठाऊक असे. कोठेतरी सोल्डरला केसाएवढी चीर पडलेली असे आणि धक्क्याने ती क्षणभर जुळे.

आपल्या हवेचाही यात हात होता. घाटाखाली उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. संचातल्या कंडेन्सरांत एक ओला रसायनाचा पदार्थ असतो, तो उष्णतेने सुकतो; दर दहा अंशांनी त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते असा हिशेब आहे. म्हणून परदेशी पुस्तकात वीस वर्षे टिकतो म्हटलेला भाग येथे त्याआधीच फुगून बसे. त्यात विजेचा दाब कधी दीडशे, कधी अडीचशे. मग घरोघर स्टॅबिलायझर आले. २००५ च्या सुमारास भारनियमन ऐन भरात होते तेव्हा वीज जाण्याने नव्हे, तर परत येतानाच्या झटक्याने संच मरत. आमच्या भागातले दुरुस्तीवाले जे शिकले ते कोणत्याही पुस्तकात नाही. कुठल्या बनावटीत कुठला भाग आधी जातो, तो नसेल तर कुठला चालवून घ्यायचा, थकलेल्या पिक्चर ट्यूबची तार थोडी अधिक तापवून तिच्याकडून वर्ष-सहा महिने आणखी कसे काढायचे, हे सगळे हातात आणि डोक्यात. लिहिलेले काही नाही.

आणि हे दुकान मिटत चालले आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नळ्यांचे कारखाने एकामागून एक बंद झाले. दूरदर्शनने आपले जुन्या पद्धतीचे जमिनीवरील प्रक्षेपण थोडी ठिकाणे वगळता २०२२ पर्यंत आवरते घेतले, तेव्हा छपरावरच्या अँटेनाला पकडायला आकाशात काही उरले नाही. दुरुस्तीवाला मोबाईलकडे वळला. जो वळू शकला नाही त्याने शटर ओढले. ‘पार्टच भेटत नाही’ हे वाक्य आता दुकानात शिरण्याआधीच ऐकू येते. म्हणजे त्या संचाला आज खरे काम उरले आहे ते एकच, जुने खेळयंत्र जोडून खेळण्याचे. ज्याला आपण पोरखेळ म्हणत होतो, तोच आता या डब्याचा शेवटचा आधार!

भंगारात गेलेल्या संचाचे काय होते तेही पाहून ठेवा. मानेभोवतीच्या गुंडाळीतले तांबे काढण्यासाठी नळीची मान मोडतात, आणि उरलेली काच उकिरड्यावर. त्या काचेत, विशेषतः मागच्या नरसाळ्यात, शिसे असते. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून अमलात आहेत, पुढे ते २०१६ व २०२२ साली नव्याने आले. पण नियम आणि आपला नाला यांत अंतर आहे.

कोणाला हे वाचून माळ्यावरचा संच उघडावासा वाटला, तर एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. रंगीत नळीत वीस ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि नळी स्वतःच तो साठवून ठेवते. प्लग काढल्यावरही तो तेथे असतो. अनुभवी दुरुस्तीवाला प्रथम लांब दांड्याच्या पेचकसाला भूतार जोडून, एक हात पाठीमागे ठेवून, तो उतरवतो आणि मगच आत हात घालतो. तुमच्या गावात असा माणूस अजून असेल, तर संच त्याच्याकडेच न्या. दुरुस्त होईपर्यंत तेथे बसा, आणि तो काय पाहतो, कोणत्या क्रमाने पाहतो, हे वहीत उतरून घ्या. संचाच्या पाठीवरची बनावटीची पट्टी, खरेदीची पावती सापडली तर ती, पोस्टाचा जुना परवाना सापडला तर तोही. रेडिओ-टेलिव्हिजनला १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि गावात पहिला संच केव्हा आला याचा कागदोपत्री पुरावा पुष्कळदा त्या पुस्तिकेतच असतो. आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना मी गेली दोन वर्षे हेच काम देतो आहे. आजवर चार परवाने हाती आले. त्यांतला एक देवघराच्या फळीवर, पंचांगाच्या गठ्ठ्यात होता.